संकटाच्या काळात आशा कशी टिकते, आणि आपली श्रद्धा दुसऱ्यापाशी कशी बोलावी?

भिंगारकर

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

आमच्या नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. घरातला कर्ता माणूस गेला आहे, सलग दोन हंगाम पावसाने दगा दिला आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे किंवा लेकराच्या आजारपणात जमीन गहाण पडली आहे, अशा घरी आपण जातो तेव्हा नेमके काय बोलायचे? प्रार्थनासभेत आशेविषयी बोलणे सोपे जाते. त्या घराच्या ओसरीवर बसल्यावर मात्र पाठ असलेली वचनेसुद्धा घशात अडकतात, आणि एखाद्याने ती म्हटलीच तर ऐकणाऱ्याला धीर येण्याऐवजी ती टोचतात. या विषयावर येथील ख्रिस्ती आणि अन्य धर्मीय वाचकांनीही मोकळेपणाने लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे स्वतःचे मत असे आहे की संकटात आशा सांगण्याचा अधिकार आधी दुःख ऐकून घेणाऱ्यालाच मिळतो. ही शिकवण आपल्याला कोठूनही आयात करावी लागत नाही, कारण आपल्याच मातीत तिचे मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र बहुतेकांना शाळेच्या पुस्तकापुरते माहीत असते. शारदा सदन ही त्यांची निवासी शाळा, विधवांचे शिक्षण, केडगावचे मुक्ती मिशन एवढ्यावर आपण थांबतो. त्यांच्या वाट्याला आलेले मृत्यू एकापुढे एक ठेवून पाहिले, तर त्या आशेविषयी जे बोलल्या त्याचे वजन कळते. 1870च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण ही तिघेही काही महिन्यांच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत त्यांनी देशभर पायी भ्रमंती केली, आणि 1880 साली तोही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी विवाह केला. 1882च्या आरंभी पती गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. वयाची पंचविशी गाठण्यापूर्वी एवढे सगळे घडून गेले होते.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला विशेष मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत उघडपणे नोंदवले आहे. एवढी विद्वान बाई आठ वर्षे शोधत राहिली आणि ते लपवले नाही. त्यामुळे एखादी विधवा किंवा कर्जबाजारी शेतकरी आपल्या एका भेटीत, एका प्रार्थनेत सावरावा अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हे मला समजत नाही.

पुढे 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी स्वतः उपाशीपोटी चाललेल्या रस्त्यांची आठवण त्यांना नक्कीच झाली असणार. तेथून त्यांनी सुमारे 300 मुली आणि स्त्रिया आणल्या आणि दौंडजवळ केडगाव येथे त्यांची सोय केली. विहिरी खणल्या गेल्या, शेती सुरू झाली, विणकाम आणि छापखाना उभा राहिला, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली. 1900च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारांच्या घरात गेली. रोज सकाळी इतक्या जणींच्या भाकरीचे पीठ कोठून आणायचे, हा तेथे श्रद्धेचाच प्रश्न होता. प्रार्थना आणि पीठ यांची फारकत त्यांनी कधी होऊ दिली नाही.

आपल्या मंडळ्यांत आजही ही रीत थोडीफार जिवंत आहे. दफनविधीनंतर ज्या घरी चूल पेटत नाही, तेथे शेजारच्या दोन-तीन घरांतून भाकरी आणि पिठल्याचे पातेले जाते. बाया भांडी घासून ठेवतात, एखादी म्हातारी न बोलता विधवेच्या पाठीवरून हात फिरवत राहते. माझ्या मते संदेश तेथूनच सुरू होतो. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) येऊन वचन वाचतात ते त्यानंतर. आपला अनुभव काय आहे, ते कृपया लिहावे.

रात्रपाळी

भिंगारकर दादा, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका मिशन रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या भागात ही परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांत आमच्यासारख्या कितीतरी मुलींना सेवेचा हा मार्ग मिळाला.

वॉर्डात श्रद्धेविषयी बोलण्याची वेळ बहुधा रात्री येते. दिवसभर डॉक्टरांच्या फेऱ्या, तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिलाची चिंता यांत नातेवाइकांना श्वास घ्यायला सवड नसते. रात्री अकरानंतर व्हरांड्यात सतरंज्या पसरल्या जातात, थर्मासमधली पेज कोमट होत असते आणि ज्यांना झोप येत नाही ते नर्सच्या टेबलाजवळ येऊन उभे राहतात. पहिला प्रश्न नेहमी प्रकृतीचा असतो: “सिस्टर, ताप उतरला का?” त्याचे खरे आणि सरळ उत्तर देणे हे माझे पहिले काम आहे. ताप उतरला नसेल, तर “देव सगळे ठीक करील” असे म्हणून मी ते झाकत नाही. रोग्याच्या बायकोला खोटी उमेद देणे हा माझ्या दृष्टीने तिच्याशी आणि देवाशीही अप्रामाणिकपणा आहे.

काही जण नंतर विचारतात, “सिस्टर, तुम्ही रोज हे बघता, तुम्हाला भीती वाटत नाही का?” तेव्हा मी सांगते की वाटते, आणि ज्याच्याजवळ मी ती भीती ठेवते तो मेलेल्या मित्राच्या कबरेजवळ स्वतः रडला होता. लाजरसाला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू रडला, ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे आणि माझ्या नोकरीत ती मला सर्वाधिक उपयोगी पडली आहे. ऐकणारा हिंदू असो, मुसलमान असो की बौद्ध, कबरेजवळ रडणारा देव त्याला परका वाटत नाही. प्रार्थना करू का, हे मी विचारते. “हो” म्हटले तर हळू आवाजात चार वाक्ये बोलते, “नको” म्हटले तर उशी नीट करते आणि पुढच्या खाटेकडे जाते. त्या “नको”चा रोग्याच्या देखभालीवर तिळमात्र परिणाम होता कामा नये, असा माझा स्वतःपुरता कडक नियम आहे.

मुक्त वाचक

मी ख्रिस्ती नाही, तरीही धागा आस्थेने वाचला. वरील दोन्ही लेखनांतील प्रामाणिकपणा भावला, म्हणूनच एक प्रश्न स्पष्टपणे विचारतो. कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही.

दुष्काळ, रोगराई आणि मृत्यू या वेळी माणूस सर्वाधिक असहाय असतो. जो अन्न देतो, औषध देतो, त्याच्या शब्दाला अशा वेळी नकार देणे कठीण जाते. मग अशा माणसापाशी आपला धर्म बोलणे हे त्याच्या असहायतेचा फायदा घेणे ठरत नाही का? रमाबाईंवरही 1893च्या सुमारास हाच आक्षेप आला होता. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल असे आश्वासन असताना मुली त्यांच्या प्रार्थनेत बसतात, या कारणावरून पुण्यात मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवरांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली नेल्या. त्या पालकांची चिंता पूर्णपणे निराधार होती, असे मला म्हणता येत नाही. सेवा करायची तर ती धर्माचे नाव न घेता का करू नये?

भिंगारकर

मुक्त वाचक, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देणे आमच्या श्रद्धेला शोभणार नाही.

प्रथम कायद्याची बाजू. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. मी या निकालाकडे अडथळा म्हणून पाहत नाही. माणसाचे मन वळवणे हे आपल्या हातचे काम आहे, अशी समजूतच मुळात ख्रिस्ती शिकवणीला धरून नाही. आपण साक्ष द्यावी. अंतःकरण देव जाणे आणि तो माणूस जाणे.

तरी केवळ कायदा सांगून आपल्या प्रश्नाचे उत्तर होत नाही, कारण आपण विवेकाविषयी विचारत आहात. अन्नाच्या ताटासोबत अट ठेवली गेली, तर ते पाप आहे, असे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो प्रवासी जखमी माणसाला त्याचा धर्म विचारत नाही. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तेथील मालकाला दोन दीनार देतो आणि आणखी खर्च झाल्यास परत आल्यावर देईन म्हणतो. शुद्धीवर आल्यावर त्या जखमी माणसाने शोमरोन्यांच्या डोंगरावर उपासनेला यावे, असा एक शब्दही त्या दाखल्यात नाही. आमच्यासाठी सेवेचे मोजमाप तेच आहे.

1893च्या वादाविषयी एवढेच म्हणेन की पालकांची चिंता समजण्यासारखी होती, आणि रमाबाईंचे म्हणणेही समजण्यासारखे होते: आपल्या खोलीचे दार लावून, लपूनछपून प्रार्थना करणे त्यांना मान्य नव्हते. ज्या श्रद्धेवर एखादी व्यक्ती उभी आहे ती कायम पदराआड ठेवून सेवा करायला सांगणे, हाही एक प्रकारचा सक्तीचा करारच होतो. यात आपले आणि माझे मत पूर्णपणे जुळेल असे नाही.

एक उदाहरण मात्र आपल्यासमोर ठेवावेसे वाटते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. ताटातूट झाली, माहेरच्यांचा आधार घेऊन त्या राहिल्या. पुढे पतीकडे परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे सुरू होते. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली, स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. त्या काळातला नवरा हुकूम करू शकला असता. टिळकांचा स्वभाव किती तापट होता हे त्यांच्या पत्नीनेच लिहून ठेवले आहे, आणि तरीही श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी वाट पाहिली. पतीने पत्नीसाठी एवढी वाट पाहावी, तर आपण अनोळखी दुःखी माणसासाठी किती पाहिली पाहिजे, याचा विचार प्रत्येक प्रचारकाने करावा असे मला वाटते.

वसईचा वाटसरू

येथे बहुतेक लेखन प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या अनुभवातून आले आहे, म्हणून वसईच्या कॅथलिक समाजाच्या वतीने थोडी भर घालतो. आमच्याकडे श्रद्धा एकट्याने सांगितली जात नाही, ती गावाने मिळून जपली जाते. 1739 साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, तरी स्थानिक धर्मगुरूंनी आणि कुटुंबांनी श्रद्धा राखली. घराघरांतील संध्याकाळच्या जपमाळेने त्यात मोठे काम केले असे आमची वडीलधारी मंडळी सांगतात.

2020चा पवित्र आठवडा आमच्यापैकी कोणीही विसरणार नाही. 10 एप्रिलला शुभ शुक्रवार आणि 12 एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार होता, आणि चर्चची दारे बंद होती. एरवी त्या दिवशी उभे राहायला जागा मिळत नाही. आम्ही घरातल्या वेदीसमोर मोबाइल उभा करून मिस्सा, म्हणजे चर्चमधील उपासना, पाहिली. पुढच्या महिन्यांत मृत्यू आले तेव्हा शवपेटीला खांदा देता येत नव्हता, घरी जाऊन सांत्वन करता येत नव्हते, आणि मुंबई परिसरात काही ख्रिस्ती कुटुंबांनी दफनाऐवजी दहनही स्वीकारले. ज्या समाजात मयताच्या घरी नऊ-नऊ दिवस माणसे प्रार्थनेला जमतात, त्या समाजाला हे किती जड गेले असेल याची कल्पना करावी.

त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या परिसरातील) तरुणांनी याद्या केल्या. कोणाच्या घरी सिलिंडर संपत आला आहे, कोणाची इन्सुलिन आणायची आहे, कोण एकटे आहे. वाडीतली केळी आणि भाजी बाजारात जात नव्हती, ती तांदूळ-डाळीच्या पिशव्यांतून वाटली गेली. चाळीतल्या परप्रांतीय मजुरांनाही दिली गेली. पिशवीत धर्माची पत्रिका घालू नये असा निर्णय झाला, आणि मला तो योग्य वाटतो. पुढे एका मजुराने विचारले की तुम्ही लोक हे का करता. त्याला जे उत्तर दिले गेले तो त्या वर्षीचा सर्वांत खरा सुवार्ताप्रसार होता, असे मी मानतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच सांगितले आहे: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. आधी कोणीतरी विचारावे लागते, आणि विचारावेसे वाटेल असे आपले वागणे असावे लागते.

हडपसरवासी

मी तिशीतला आहे. वर्षभरापूर्वी नोकरी गेली, त्यानंतर वडील गेले. मंडळीतले लोक चांगले आहेत, पण प्रत्येक जण “देवाची काहीतरी योजना असेल” असे म्हणतो. मला आता प्रार्थना करता येत नाही. शब्दच येत नाहीत. सेवेबद्दल येथे पुष्कळ चांगले लिहिले गेले आहे. परंतु ज्याची स्वतःचीच आशा आटली आहे त्याने काय करावे? अशा माणसाने उपासनेला जाऊन गाणी म्हणणे हे ढोंग ठरत नाही का?

निवृत्त पाळक

बाळा, तुझे लेखन वाचून लगेच उत्तर द्यायला बसलो आहे.

तुझ्या वडिलांच्या मृत्यूमागे देवाची कोणती योजना होती हे मला माहीत नाही, आणि ज्यांनी तुला तसे सांगितले त्यांनाही माहीत नाही. त्यांनी प्रेमाने म्हटले असेल. त्यांच्यावर राग धरू नकोस. बायबलमधील सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि शेवटी देवाने त्यांच्यावरच कोप केला.

तुला प्रार्थनेला शब्द सापडत नाहीत, तर स्तोत्रसंहिता उघड आणि 88वे स्तोत्र वाच. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो. तरीही आपल्या पूर्वजांनी ते पवित्र शास्त्रातून काढून टाकले नाही, कारण देवासमोर असेही बोलता येते हे त्यांना ठाऊक होते. वधस्तंभावर स्वतः प्रभूने “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे 22व्या स्तोत्रातले शब्द उच्चारले. तेव्हा तुझी तक्रार देवाकडे असेल तर ती प्रार्थनाच आहे. तू उपासनेत गप्प बसलास तरी चालेल. तुझ्या वतीने इतर जण गातील. मंडळी त्यासाठीच असते. चार माणसांनी पक्षाघाती मित्राला खाटेसकट छप्पर उकलून येशूसमोर सोडले, आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे शुभवर्तमानात लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाने त्या वेळी काही म्हटल्याची नोंद नाही.

आणखी एक गोष्ट. एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली निजला आणि आता मरण येऊ दे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. मग पुढचा प्रवास. म्हणून मी तुला विचारतो: झोप येते का? जेवण जाते का? जीव नकोसा होतो का? तसे होत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नकोस. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे तुला कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नकोस. चाळीस वर्षे मंडळ्यांची सेवा केलेला माणूस म्हणून हे सांगतो.

तू पुण्यातच आहेस, मीही पुण्यात आहे. येथील व्यक्तिगत निरोपातून मला कळव. मी येईन, आणि मुद्दाम काही बोलायला हवे असे नाही.

हडपसरवासी

पाळकसाहेब, निरोप पाठवला आहे. झोप येत नाही, हे खरे आहे. 14416 हा क्रमांक लिहून ठेवला आहे आणि उद्या सकाळी तेथे बोलेन. 88वे स्तोत्र आत्ताच वाचले. असे काही बायबलमध्ये असेल याची मला कल्पना नव्हती.

मुक्त वाचक

भिंगारकर, आपण दिलेले उत्तर समाधानकारक वाटले. शारदा सदनाच्या बाबतीत मात्र माझे मत बदललेले नाही. आश्वासन दिले होते तर ते अक्षरशः पाळायला हवे होते, असेच मी अजूनही म्हणेन. अटीविना सेवा आणि विचारल्यावर सौम्यपणे उत्तर, ही रीत सर्वत्र पाळली गेली तर माझ्यासारख्याला आक्षेप घेण्याचे कारण उरणार नाही. केडगावला मी कधी गेलेलो नाही, पण आता जाण्याची इच्छा आहे. तेथे अभ्यागतांना छापखाना आणि जुन्या इमारती पाहू देतात का, हे कोणास माहीत असल्यास कृपया लिहावे.

हडपसरवासी, आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. मी आपल्या धर्माचा नाही, पण हडपसरपासून फार लांब राहत नाही. नोकरीसाठी बायोडेटा पाठवलात तर माझ्या ओळखीत दोन ठिकाणी नक्की देईन.